औषध देताना हात कुठे थांबवायचा: नर्सिंगच्या पोरापोरींसाठी फार्माकॉलॉजी (औषधशास्त्र) आणि वॉर्डातलं औषधवाटप

मी सेकंड इयरला होते तेव्हाची गोष्ट. मे महिना, नागपूरचा ऊन, वॉर्डातले अर्धे पंखे गरम हवा फेकणारे. बारा आणि तेरा नंबरच्या बेडवर दोन्ही मेश्राम काकू. (आपल्याकडे एका वॉर्डात दोन मेश्राम, नाहीतर दोन वासनिक, दोन राऊत निघतातच, त्यात नवल नाही.) मी ट्रे घेऊन बारा नंबरला गेले आणि मोठ्या आत्मविश्वासानं विचारलं, "मेश्राम काकू ना?" त्या म्हणाल्या, "हो माय." झालं, मी बीपीची गोळी त्यांच्या हातावर ठेवली आणि ग्लासात पाणी ओतायला वळले. मागून आवाज आला, "बाई, माझी गोळी तर पांढरी असते, आज गुलाबी काहून देऊन राहिली?"

रात्री त्या दोघींनी बेड बदलले होते. तेरा नंबरच्या काकूंना पंखा लागत नव्हता, बारा नंबरवालीला डोक्यावरचा पंखा नको होता, आपसातच ठरवलं आणि झोपल्या. कोणाला सांगायची गरजच वाटली नाही त्यांना. गोळी कुणी गिळली नाही म्हणून मी वाचले, पण हात कितीतरी वेळ थरथरत होते.

हे आधी सांगते कारण तुमच्या पुस्तकात "योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ" हे पाच राईट्स असतात, आता त्यात नोंद, कारण, परिणाम, रुग्णाचा नकाराचा हक्क आणि रुग्णाला माहिती असे धरून दहापर्यंत नेतात, आणि व्हायवात (तोंडी परीक्षेत) आपण ते पाढ्यासारखे म्हणतो. ते राईट्स मलाही पाठ होते. चूक माहिती नसल्यामुळे नाही झाली, हात जिथे थांबायला पाहिजे तिथे थांबला नाही म्हणून झाली. म्हणून हा लेख त्या थांबण्याच्या जागांवर लिहितेय.

पहिला थांबा: माणूस कोण आहे

नाव तुम्ही सांगायचं नाही, पेशंटकडून वदवून घ्यायचं. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असा प्रश्न. "तुम्ही अमुकच ना?" म्हटलं की ऐकू न येणारे आजोबा, अर्धवट झोपेतली बाई, तापात असलेला माणूस, सगळे "हो"च म्हणतात. मग नाव आणि आयपीडी नंबर (भरती होताना मिळालेला), हातातल्या बँडशी आणि ट्रीटमेंट शीटशी जुळवायचे. बेड नंबर म्हणजे ओळख नाही, का ते वर सांगितलंच. पेशंट बोलत नसेल तर नातेवाईकाला विचारा आणि तरीही बँड बघा.

तिथेच अ‍ॅलर्जी विचारायची, पण "अ‍ॅलर्जी आहे का" असं विचारलं तर बरेच जण नाही म्हणतात कारण त्यांना तो शब्द धुळीशी नाहीतर शिंकांशी जोडलेला माहीत असतो. "आधी कधी इंजेक्शननं नाहीतर गोळीनं अंगावर गांधी उठल्या का, ओठ सुजले का, दम लागला का" असं विचारा. आणि पेशंट म्हणाला की ही गोळी माझी नाही वाटत, तर वाद घालू नका. ट्रे खाली ठेवा, शीट उघडा. मला त्या काकूंनी वाचवलं, माझ्या पाठांतरानं नाही.

फार्माकॉलॉजी किती लागते?

सगळी लागते, पण सगळी एकदम नाही. शरीरात गेलेल्या औषधाचं चार टप्प्यांत काय होतं ते आधी डोक्यात बसवा: शोषण, मग रक्तातून पसरणं, मग मोडतोड जी मुख्यतः लिव्हरमध्ये होते, मग बाहेर पडणं जे मुख्यतः किडनीतून होतं. हे कंटाळवाणं वाटतं पण वॉर्डात रोज दिसतं. छातीत दुखणाऱ्या पेशंटला सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली का ठेवतात? कारण गिळली तर ती आतड्यातून आधी लिव्हरमध्ये जाते आणि बराचसा भाग तिथेच मोडतो, जिभेखालून ती सरळ रक्तात जाते आणि काही मिनिटांत काम सुरू होतं. मग पेशंटनं ती पाण्यासोबत गिळून टाकली तर तुमची मेहनत वाया, म्हणून समोर उभं राहून "गिळू नका, विरघळू द्या" हे सांगायचं, आणि आधी बीपी बघायचा, आणि बसवून किंवा आडवं करून द्यायची कारण बीपी पडतो.

किडनीचंही तसंच. सत्तरीच्या आजोबांना जेंटामायसिन किंवा अमिकासिन हे अँटिबायोटिक चालू आहे आणि क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) वाढत चाललंय तर औषध शरीरात साचतं, कानाला आणि किडनीला मार बसतो. डोस डॉक्टर ठरवतात हे खरं, पण आजचा रिपोर्ट फाईलला तुम्हीच लावता ना, मग लावताना वाचा.

हाफ लाईफ म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ. साधारण चार ते पाच हाफ लाईफनंतर औषध जवळपास निघून जातं. हृदयाच्या ठोक्यांसाठी देतात त्या अ‍ॅडेनोसिनचा हाफ लाईफ काही सेकंदांचा, म्हणून ते झटकन पुश करून मागोमाग सलाईनचा फ्लश मारतात, हळू दिलं तर हृदयापर्यंत पोचायच्या आधीच संपतं. डिगॉक्सिन या हृदयाच्याच औषधाचा दीड-दोन दिवसांचा, म्हणून ते साचतं, म्हणूनच ते द्यायच्या आधी छातीवर स्टेथो ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे, मोठ्या माणसात साठच्या खाली आले तर गोळी हातातच ठेवायची आणि डॉक्टरांना कळवायचं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, इथे तरी नाही.

औषधांची नावं पाठ होत नाहीत अशी प्रत्येक बॅच रडते. नावाचं शेपूट बघा ना. "ओलॉल" आलं, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल, की नाडी आणि बीपी बघायचा आणि दमा विचारायचा. "प्रिल" आलं की कोरडा खोकला येतो का आणि पोटॅशियम वाढतं का ते बघायचं. "सार्टन" त्याचाच चुलत भाऊ, खोकला कमी, पोटॅशियमकडे मात्र लक्ष. "स्टॅटिन" घेणारा माणूस अंग फार दुखतंय म्हणाला तर हसण्यावारी नेऊ नका. "प्राझोल" म्हणजे अ‍ॅसिडिटीची, जेवणाआधी अर्धा तास. पण शेपटावर डोळे मिटून विश्वास नको, एरिपिप्राझोल हे मानसिक आजाराचं औषध आहे, त्याचा अ‍ॅसिडिटीशी काही संबंध नाही.

प्रत्येक नव्या औषधासाठी वहीत एवढंच लिहा: का देतात, देण्याआधी काय बघायचं, दिल्यावर काय बघायचं, जास्त झालं तर उतारा काय. हेपरिनला प्रोटामिन, वॉर्फरिनला व्हिटॅमिन के, मॉर्फिनला नॅलोक्सोन, पॅरासिटामॉलला एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन, मॅगसल्फला (मॅग्नेशियम सल्फेट) कॅल्शियम ग्लुकोनेट.

दुसरा थांबा: ऑर्डर आणि लेबल

ऑर्डरवर औषध, डोस, मार्ग, किती वेळा, तारीख-वेळ आणि सही, यातलं एकही नसेल किंवा अक्षर कळत नसेल तर अंदाज नाही लावायचा. "सर, हे डोपामाईन आहे का डोब्युटामाईन?" हे विचारल्यावर कोणी ओरडलं तर ओरडू द्या. पॉइंटचा घोळ तर फारच: अर्धा लिहायचा तर ०.५ लिहा, नुसतं .५ लिहिलं की पॉइंट दिसत नाही आणि ५ होतो. पाचला ५.० लिहू नका, ५० होतं. "युनिट" पूर्ण शब्दात लिहा, कारण त्याचं आखूड इंग्रजी अक्षर U घाईत शून्यासारखं दिसतं. फोनवरची तोंडी ऑर्डर इमर्जन्सीतच, लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, सही नंतर घ्यायची, आणि स्टुडंटनं ती घ्यायचीच नाही, स्टाफला बोलवायचं.

लेबल तीनदा वाचायचं: कपाटातून काढताना, भरताना, पेशंटजवळ देण्याआधी. आणि लेबलावर नाव वाचून थांबायचं नाही, किती एमएलमध्ये किती औषध आहे ते वाचायचं. हेपरिनचं बघा. ५ एमएलची एक व्हायल (रबरी बुचाची औषधाची छोटी बाटली), त्यात एकूण ५,००० युनिट, म्हणजे एका एमएलला १,०००. दुसरी पण ५ एमएलचीच, त्यात एकूण २५,०००, म्हणजे एका एमएलला ५,०००. दोन्हीवर "५०००" हा आकडा असतोच, एकीवर तो पूर्ण व्हायलचा, दुसरीवर एका एमएलचा. पाचपट फरक.

गणित

सूत्र एकच: हवा असलेला डोस भागिले हातात असलेली ताकद, गुणिले ती ताकद किती एमएलमध्ये आहे.

दहा किलोचं लेकरू, ताप, ऑर्डर पॅरासिटामॉल १५ मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे १५० मिलिग्रॅम. आता बाटली कोणती? ५ एमएलमध्ये १२५ असेल तर १५० भागिले १२५ गुणिले ५, म्हणजे ६ एमएल. ५ एमएलमध्ये २५० वाली असेल तर ३ एमएल. आणि ड्रॉप्स, ज्यात एका एमएलमध्येच १०० असतं, तर फक्त दीड एमएल. म्हणजे औषध तेच, डोस तोच, आणि मोजमाप ६, ३ नाहीतर १.५. आता आई घरी जाऊन ड्रॉप्सच्या बाटलीतून "सिस्टरनं सहा सांगितलं होतं" म्हणून सहा एमएल पाजेल तर चौपट झालं. म्हणून सुट्टीच्या (डिस्चार्जच्या) वेळी आईच्या हातातली बाटली बघून सांगा, तिच्याच मापावर पेननं खूण करून द्या, आणि "एक चमचा" हा शब्द तोंडातून काढू नका, प्रत्येकीच्या घरचा चमचा वेगळा.

सलाईनचं: एकूण एमएल गुणिले सेटचे (सलाईनच्या नळीचे) एका एमएलचे थेंब, भागिले मिनिटं. ५०० एमएल आठ तासांत, सेट एका एमएलला २० थेंबांचा, तर ५०० गुणिले २० म्हणजे १०,०००, भागिले ४८०, म्हणजे २०.८, धरा मिनिटाला २१ थेंब. सेटच्या पाकिटावर थेंबांचा आकडा छापलेला असतो, तो बघा, सगळे सेट वीसचे नसतात. मायक्रो सेट ६० थेंबांचा, त्यात तासाला जितके एमएल तितकेच मिनिटाला थेंब, गणितच नाही. आणि पेशंटनं हात दुमडला की तुमचं गणित गेलं, म्हणून तासाभरानं परत जाऊन बघायचं.

आता इन्सुलिन, इथे मी जरा जास्त वेळ घेणार. आपल्याकडे व्हायल ४० युनिट प्रति एमएलची पण मिळते आणि १०० ची पण, पेनचं कार्ट्रिज साधारण १०० चं. सिरिंजही दोन: ४० वाली लाल टोपीची, १०० वाली नारंगी टोपीची. ऑर्डर आहे २० युनिट, हातात १०० ची व्हायल, आणि घाईत लाल टोपीची सिरिंज उचलली, २० च्या खुणेपर्यंत भरलं. त्या सिरिंजवर २० ची खूण म्हणजे अर्धा एमएल. १०० च्या व्हायलमधला अर्धा एमएल म्हणजे ५० युनिट. अडीचपट इन्सुलिन गेलं आणि सिरिंज तर "२०"च दाखवून राहिली. म्हणून व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून मोठ्यानं वाचा, दुसऱ्या सिस्टरला दाखवा. साधी २ एमएलची सिरिंज इन्सुलिनला कधीच नाही.

रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास, हे सगळ्यांना माहीत. पण जेवणाची गाडी वॉर्डात आली का? इन्सुलिन साडेबाराला टोचलं आणि जेवण दोनला आलं तर घाम, थरथर, बडबड, मग गुंगी. त्यामुळे मी आधी जिन्याकडे कान देते, जेवणाच्या भांड्यांचा आवाज आला की मग सिरिंज भरते, शुगर मात्र त्याआधी तपासलेली.

दोनच्या वर अँप्यूल लागले की थांबा

हा माझा आवडता नियम. गणित करून एका डोसला दोनपेक्षा जास्त गोळ्या किंवा अँप्यूल (मान मोडून उघडायची काचेची कुपी) फोडायची वेळ आली तर हात थांबवा, बहुतेक वेळा पॉइंट चुकलेला असतो, नाहीतर ऑर्डर चुकलेली असते. कंपन्या एका डोसचा अंदाज धरूनच पॅकिंग करतात.

पण बहुतेक वेळा म्हटलं मी, नेहमी नाही. विदर्भात फवारणीच्या दिवसांत विषबाधेचे पेशंट येतात, २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर दगावले ते सगळ्यांना आठवत असेल. ऑर्गॅनोफॉस्फेट या कीटकनाशकाच्या विषात अ‍ॅट्रोपिन देतात, अँप्यूल ०.६ मिलिग्रॅमचं, आणि सुरुवातच १.८ ते ३ मिलिग्रॅमनं होऊ शकते, म्हणजे तीन ते पाच अँप्यूल, मग दर पाच मिनिटांनी छाती ऐकून दुप्पट. तिथे ढीग लागतो आणि तो बरोबर असतो. बघायचं काय, तर छातीतली घरघर सुकली का, ठोके ऐंशीच्या वर आले का. नुसती बाहुली मोठी झाली म्हणून समाधान मानायचं नाही. उलट ताप, बडबड, पोटाचा आवाज बंद, म्हणजे अ‍ॅट्रोपिनच जास्त झालं.

सर्पदंशाचंही तेच. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालणारी लस पावडरमध्ये येते, एका व्हायलला १० एमएल डिस्टिल्ड वॉटर, जोरात हलवायची नाही, हळू गोल फिरवायची, नाहीतर फेस होतो, आणि पहिलाच डोस दहा व्हायलच्या आसपास असू शकतो. लहान मुलालाही तेवढाच, कारण सापानं विष वजन बघून नाही सोडलं. शेजारी अ‍ॅड्रेनॅलिन भरून तयार पाहिजे.

मॅगसल्फ तिसरं. २ एमएलच्या ५० टक्के अँप्यूलमध्ये १ ग्रॅम, आणि झटके आलेल्या गरोदर बाईला प्रत्येक कुल्ल्यात ५ ग्रॅम म्हणजे पाच-पाच अँप्यूल. पुढचा डोस देण्याआधी गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला किमान १६ आहे का, लघवी तासाला किमान ३० एमएल आहे का हे तिन्ही बघायचं, एकही नसेल तर डोस नाही, डॉक्टर बोलवा.

म्हणजे थांबायचं म्हणजे नकार द्यायचा असं नाही. थांबायचं, शीट आणि प्रोटोकॉल बघायचा, दुसऱ्या डोळ्यांना दाखवायचं, मग पुढे जायचं.

टोचताना

कातडीच्या आत १० ते १५ अंश, कातडीखाली ४५ किंवा चरबी चांगली असेल तर ९०, स्नायूत ९०. कुल्ल्यावर मागच्या बाजूला सायटिक नर्व्ह (पायात जाणारी मोठी नस) असते, म्हणून कमरेच्या बाजूचा व्हेंट्रोग्लुटियल स्नायू शिकून घ्या, लेकरांना मांडीच्या बाहेरच्या बाजूला.

पोटॅशियम क्लोराईड थेट शिरेत पुश करायचं नाही. कधीच नाही, कोणी सांगितलं तरी नाही, हृदय थांबतं. १० एमएलच्या अँप्यूलमध्ये साधारण २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) पोटॅशियम असतं, ते सलाईनच्या बाटलीत टाकून, बाटली उलटीपालटी करून नीट मिसळून, ठरलेल्या रेटनं सोडायचं, आणि पेशंटला लघवी होतेय ना ते आधी बघायचं. हे अँप्यूल साध्या पाण्याच्या अँप्यूलशेजारी ठेवलेलं दिसलं तर त्याच मिनिटाला इन्चार्ज मॅडमला सांगा आणि वेगळं ठेवायला लावा.

कोणतं कशात हेही बघा. फेनिटॉइन फक्त नॉर्मल सलाईनमध्ये, डेक्स्ट्रोजमध्ये खडे होतात, आणि मिनिटाला ५० मिलिग्रॅमच्या वर नाही. सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन रिंगर लॅक्टेटच्या लाईनमध्ये नाही, त्यातल्या कॅल्शियमशी जमत नाही. व्हँकोमायसिन किमान तासाभरात, घाईनं दिलं की पेशंट लालबुंद होऊन खाजवत सुटतो.

अँटिबायोटिक देऊन लगेच पाठ फिरवू नका. गांधी, ओठ-जीभ सुजणं, दम, बीपी पडणं असं दिसलं तर औषध बंद, हाक मारा, आणि मोठ्या माणसाला मांडीत स्नायूमध्ये ०.५ मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनॅलिन, म्हणजे एकास हजारवाल्याचा (एका एमएलमध्ये १ मिलिग्रॅम) अर्धा एमएल. एकास दहा हजारवालं वेगळं असतं, त्यात एका एमएलमध्ये फक्त ०.१ मिलिग्रॅम, म्हणून इथेही लेबल.

वापरलेल्या सुईला दोन हातांनी टोपण लावायचं नाही. सुई पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात, सुई काढलेली सिरिंज आणि सलाईन सेट लाल पिशवीत, काचेचे व्हायल-अँप्यूल निळ्यात.

दिल्यानंतर

नोंद दिल्यावर करायची, आधी नाही. "सगळे घेतीलच" म्हणून आठच्या औषधांवर साडेसातलाच टिक मारून ठेवायची सवय काही जणींना असते, तुम्ही लावून घेऊ नका, कारण उलटी झाली, पेशंट एक्स-रेला गेला, त्यानं नको म्हटलं, तर ती टिक खोटी. नाही दिलं तर का नाही तेही लिहायचं. आणि दुसऱ्यानं भरलेली, लेबल नसलेली सिरिंज तुम्ही द्यायची नाही, सीनियरनं दिली तरी. "ताई, मीच भरते ना नवीन" एवढंच म्हणायचं, भांडायची गरज नाही.

चूक झालीच तर आधी पेशंट: बीपी, नाडी, श्वास, शुद्ध. मग लगेच डॉक्टर आणि इन्चार्जला, मग जे झालं तेच लिहायचं. खाडाखोड, व्हाईटनर, पान फाडणं यातलं काहीही नाही. औषधाचा अनपेक्षित त्रास दिसला तर भारताच्या फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या) प्रोग्रामकडे नर्ससुद्धा रिपोर्ट करू शकते, हेल्पलाईन १८००-१८०-३०२४.

आता सुट्टीच्या दिवशीचं एक, आपल्या गावापुरतं. इन्सुलिन २ ते ८ अंशात ठेवायचं हे आपण सांगतो आणि पेशंट मान डोलावतो. पण घरी फ्रीज आहे का हे विचारलं का? मेमध्ये पंचेचाळीसच्या पुढे पारा, पत्र्याचं घर, आणि व्हायल देवळीत ठेवलेली. फ्रीज असेल तर दाराच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही, गोठलं की फेकायचं. नसेल तर व्हायल प्लास्टिकच्या डबीत घट्ट बंद करून छोट्या मातीच्या मडक्यात, ते मडकं ओल्या वाळूच्या मोठ्या मडक्यात, सावलीत, वाळू रोज ओली. उघडलेल्या व्हायलवर उघडल्याची तारीख लिहायला लावा, साधारण चार आठवड्यांनी ती टाकायची. मागच्या उन्हाळ्यात एका आजींना हे सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी म्हटलं, आता तुम्ही मला परत सांगा. त्या म्हणाल्या, "माठात टाकायची." पाण्यात? "हो, मग!" परत पहिल्यापासून सांगितलं, यावेळी त्यांच्या नातवाला समोर बसवून आणि कागदावर दोन मडक्यांचं चित्र काढून.